शेपटासकट

डॅल्बीच्या वाटेवर धुकं इतकं दाट
की मोटारीला स्वतःचं नाक दिसेना.
इलिश केर्मीनचं घर वासावरून सापडलं:
ओली लोकर, उकडलेला मासा, जळकं पीट.
"बूट पुसा," ती म्हणाली, "आणि आधी हात शेका.
थंड हात पिल्लू जन्मभर विसरत नाही."

चुलीपाशी खोक्यात तिघं.
"असं बोट फिरवत न्या. कणा संपतो तिथे
खळगा लागेल, अर्धा वाटाणा मावेल एवढा.
आता जमिनीवर सोडा.
सशासारखं उड्या मारतंय? मारू दे, जातच ती.
पण मागचे पाय फरफटतात का, बघा.
जागा ओली झाली तर त्याला कळतं का, तेही बघा.
चार महिन्यांआत मी पिल्लू देत नसते.
कण्याचं दुखणं उशिरा तोंड वर काढतं."
बोलता बोलता एप्रनच्या खिशातून
तिनं चौथं काढलं, मांडीवर पालथं घेतलं,
आणि दोन बोटांनी त्याचं पोट हलकेच दाबलं.
दिवसातून चार वेळा. रात्री गजर लावून.
"याचं विचारू नका," म्हणाली.
मी विचारलं नाही.

मला बिनशेपटीचंच हवं होतं.
या बेटावर नाण्यावर तेच, बशीवर तेच,
टॉफीच्या डब्यावरही तेच पाठमोरं बसलेलं.
लहानपणी मामा सांगायचा: पूर आला,
नोहानं तारवाचं दार ओढलं,
आणि उंदरामागे रेंगाळलेलं मांजर
शेवटच्या क्षणी आत उडी मारून आलं.
जिवावरचं शेपटावर निभावलं.
"तेव्हापासून," मामा म्हणायचा, "आमचं मांजर
कुणापुढे शेपूट घालत नाही.
घालणार कुठून?"

"बिनशेपटीचे सहाशे पौंड. थोटकीचे चारशे.
आणि ही," इलिशनं तिसरीकडे हनुवटी केली,
"हिला नेणारा अजून जन्माला यायचाय."
तिसरी करड्या पट्ट्यांची,
आणि मागे अख्खं, लांबलचक,
प्रश्नचिन्हासारखं उभं शेपूट.
"दोन्हीकडून बिनशेपटीचं रक्त आलं
तर पिल्लू पोटातच विरून जातं.
म्हणून जोडीतलं एक शेपटीवालं बरं.
नाव त्यांचं होतं हो.
वंश हिच्यासारख्यांच्या जिवावर."

परतताना डबा शेजारच्या सीटवर,
आणि जाळीतून बाहेर आलेलं ते टोक
गिअरच्या दांड्याशी खेळत होतं.

नाव ठेवलं स्केडन. आमच्या जुन्या बोलीत हेरिंग मासा.
पबमध्ये ऑरी खो खो हसला:
"अरे, तुला फसवलं! हत्ती गेला नि शेपूट राहिलं!"
हसू दे. एप्रिलात तिचा दुहेरी कोट झडतो,
तेव्हा रोज अर्धा तास कंगवा.
आधी वरची राठ फर, मग आतली, धुरासारखी मऊ.
निघालेल्या केसांत अजून एक मांजर भरेल,
आणि माझ्या निळ्या जर्सीत दुसरं.
नखं रविवारी. डावा पुढचा पंजा ती देत नाही;
तो सोमवारी, झोपेत.
खारवलेला मासा बंद, डग्लसच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय.
मी खातो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसते
आणि शेपटानं फरशी झाडते.
राग दिसायलाही काहीतरी लागतंच.

सदतीस वर्षं मी फेरीबोटीवर होतो.
रॅम्प उचलायचा, दार लावायचं, वेळेवर.
धक्क्यावरून कुणी धावत येत असायचं,
एका हातात टोपी, दुसऱ्यात मूल,
आणि मी घड्याळाकडे बघायचो.
त्यातला एक चेहरा तर माझ्या भावाचा होता.

आता संध्याकाळी समुद्राकडचा वारा सुटतो.
ती उंबऱ्यावर येते, अर्धी आत,
आणि तिथेच काहीतरी आठवल्यासारखी थांबते.
घरातली सगळी ऊब बाहेर जात असते.
मी मूठ धरून उभा.
आधी खांदे येतात. मग पोट. मग मागचे पाय, सावकाश.
मग ते.
टोकापर्यंत सगळं आत आलं की
मी दार लावतो.